याचे किती येतील?

घरातल्या जुन्या वस्तूकडे बोट दाखवून कुणी "याचे किती येतील?" असं विचारलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. तांब्याचं घंगाळ असो, आजीचा पानाचा डबा असो. भाव विचारणाऱ्या माणसाला मी मनातल्या मनात एक पायरी खाली उतरवून ठेवत असे. आमच्याकडच्या परदेशी नाण्याबद्दल तर हा प्रश्न मी कुणाला तोंडातून काढूच दिला नाही. नाण्याची किंमत विचारायची नाही हा नियम मुळात गमतीचाच, कारण किंमत सोडली तर नाणं दुसरं असतं काय? पण ही गंमत मला तेव्हा सुचली नाही. आता माझं मत बदललंय. थोरल्या भावाला ते अजून पटलेलं नाही, वहिनीला निम्मं पटलंय. म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवते.

नाणं चांदीचं आहे. राणीछाप रुपयापेक्षा बरंच मोठं आणि जड. व्यास चार सेंटिमीटरच्या आसपास, वजन अठ्ठावीस ग्रॅम. एका बाजूला भरल्या अंगाची, डोक्यावरून पदर घेतल्यासारखी ओढणी घेतलेली एक राणी, खांद्यावर मोत्यांचा ब्रोच. दुसऱ्या बाजूला दोन डोक्यांचा गरुड, त्याच्या छातीवर ढाल, आणि कडेच्या अक्षरांत सन : १७८०. आजी त्या बाईला व्हिक्टोरियाच समजायची. तिला कुणी दुरुस्त केलं नाही, आणि केलं असतं तरी "राणी ती राणी" असं म्हणून तिनं विषय संपवला असता. ही राणी म्हणजे ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा, हे मला कॉलेजात असताना कळलं. नाण्याला थेलर म्हणतात, हेही तेव्हाच. तेवढं कळल्यावर मी थांबले. १७८० म्हणजे नाना फडणविसांचा काळ! एवढं जुनं नाणं आपल्या साताऱ्याकडच्या घरात आहे, याच्यापुढे आणखी काय हवं होतं?

ते घरात आणलं आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी. आबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते आणि १९४१ साली एरिट्रियात, केरेनच्या डोंगरात इटालियनांशी झालेल्या लढाईत होते. तिथून पुढे अबिसिनियात. परत आले ते हे नाणं घेऊन. लढाईबद्दल ते एक शब्द बोलत नसत, त्यामुळे बोलण्याचं काम आजीनं अंगावर घेतलं. तिची गोष्ट अशी : एका हबशी सरदाराचा जीव आबांनी वाचवला, त्यानं खूश होऊन स्वतःच्या कमरेचं नाणं काढून दिलं, त्याच्या खापरपणजोबाच्या वेळचं. लक्ष्मीपूजनाला ते ताम्हनात सगळ्यात वर. आदल्या दिवशी चिंच आणि दंतमंजन लावून ते लख्ख घासायचं काम आम्हा मुलींकडे. राणीचं नाक त्यातच गेलं.

मत बदलायला निमित्त झालं ते भाच्यांच्या पिढीचं. माझा भाचा नोकरीनिमित्त म्युनिकला असतो. त्यानं मागे कधीतरी मोबाइलवर काढलेला नाण्याचा फोटो तिथल्या कुणाला दाखवला आणि रात्री उशिरा फोन केला. "आत्या, आपलं नाणं इथलंच आहे! राणीच्या खाली एस. एफ. अशी अक्षरं आहेत ना? ती ग्युन्झबुर्गच्या टाकसाळीची. रेल्वेनं तासा-दीड तासावर आहे हे गाव." ती दोन अक्षरं म्हणजे तिथल्या टाकसाळीतल्या श्योबल आणि फाबी या दोन अधिकाऱ्यांच्या नावांची आद्याक्षरं. भाच्याच्या डोक्यात लगेच पुढचं सुरू झालं : नाणं तिकडे न्यायचं, त्याच्या गावात नेऊन फोटो काढायचा, मग घरात फ्रेममध्ये लावायचं. भाऊ खूश झाला. मी म्हटलं, ने. पण नेण्याआधी विमानतळावर कुणी अडवायला नको, म्हणून एकदा जाणकाराला दाखवू या. भाव विचारायला नव्हे, हे मी दोनदा बजावलं.

गिरगावातल्या एका संग्राहकांचं नाव कळलं. वय झालेलं, खोलीभर अल्बम आणि पत्र्याचे डबे. मी नाणं पुढे ठेवलं आणि गोष्ट सांगायला सुरुवात केली : आबा, केरेन, सरदार. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ताई, गोष्ट नंतर. आधी नाणं बघतो." मला ते लागलं. गोष्टीशिवाय या धातूच्या चकतीत बघण्यासारखं काय आहे, असं मी मनात म्हणत राहिले.

आणि मग ते पाऊण तास बघत बसले. आधी राणी नाही, गरुड नाही, कड. थेलरच्या कडेवर लॅटिन अक्षरं असतात, न्याय आणि दया असं राणीचं ब्रीद, आणि शब्दांच्या मध्ये वेलबुट्टी. आमच्या नाण्याला कडेवर काही लिहिलेलं आहे, हे मला त्या दिवशी कळलं. दर दिवाळीला घासलं होतं ते मी! मग त्यांनी भिंग डोळ्याला लावून ब्रोचमधले मोती मोजले. डोक्यावरच्या पट्टीतले मोजले. गरुडाच्या शेपटीची पिसं किती आणि कशी पसरलीत ते बघितलं, १७८० नंतरची फुलीसारखी खूण बघितली. एक जाडजूड पुस्तक काढून दोन-तीन छायाचित्रांशी ताडून पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "हे इथलं आहे."

"ग्युन्झबुर्गचं ना?"

"नाही हो. इथलं. फोर्टातलं. आपल्या टाकसाळीतलं."

तो खुलासा त्यांनी ज्या शांतपणे केला त्याचा मला तेव्हा रागच आला. पण घरी येऊन मिळेल ते वाचलं, आणि वाचत गेले तसतशी मी त्या नाण्यात अशी गुंतत गेले की आधीची सगळी भक्ती फिकी वाटायला लागली.

मारिया थेरेसा वारली ती २९ नोव्हेंबर १७८० ला. तिच्या थेलरला तांबड्या समुद्राच्या दोन्ही काठांवर, येमेनमध्ये आणि अबिसिनियात, इतकी मागणी होती की ती गेल्यावरही नाणी पाडणं थांबवणं परवडेना. आणि तिथल्या लोकांना ओळखीचा चेहराच हवा. नवा राजा, नवं साल दिसलं की नाणं परत. म्हणून साल गोठवून टाकलं. तेव्हापासून पाडलेल्या थेलरवर सन १७८०च. खुद्द ऑस्ट्रियात हे नाणं १८५८ साली चलनातून गेलं, पण कॉफी, कातडी, हस्तिदंत यांचा व्यापार त्यावरच चालू राहिला. अबिसिनियाचा बादशहा दुसरा मेनेलिक यानं १८९४ साली स्वतःच्या चेहऱ्याची नाणी पाडून घेतली. प्रजेनं ती हातात घेऊन बघितली आणि राणीच बरी असं ठरवलं.

मुंबईचा या नाण्याशी संबंध त्याही आधीचा. १८६७ मध्ये रॉबर्ट नेपियरची अबिसिनियावरची मोहीम निघाली ती मुंबई इलाख्याच्या फौजेतून, हत्तींसकट. तिथे रुपया चालत नाही हे ठाऊक असल्यानं व्हिएन्नाहून लाखो थेलर मागवले गेले. त्या मुलखातले दुकानदार ते घेताना ब्रोचचे मोती उठून दिसतात का, ओढणी नीट उमटली आहे का, हे बघूनच घेत. म्हणजे गिरगावातले ते गृहस्थ भिंग लावून जे करत होते, ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी मसाव्याच्या बाजारातला मीठविक्या नुसत्या डोळ्यांनी करत होता. ज्यांच्यासाठी हे नाणं रोजच्या भाकरीचा प्रश्न होतं त्यांना त्यातला मोती न् मोती माहीत होता. आम्ही त्याला हळदकुंकू वाहिलं आणि मोजलं काहीच नाही.

मग १९३५. अबिसिनियावर चाल करण्याच्या तयारीत असलेल्या मुसोलिनीनं व्हिएन्नाकडून थेलरचे ठसे आणि ते पाडण्याचा हक्क मिळवला आणि रोममध्ये थेलर पडू लागले. त्या भागातला व्यापार इटलीच्या मुठीत जाऊ द्यायला इंग्रज तयार नव्हते. ज्या राणीचं नाणं तिच्या स्वतःच्या देशात चालत नाही ते कुणीही पाडलं तर बिघडलं कुठे, असा सोयीस्कर युक्तिवाद करून लंडनच्या टाकसाळीनंही तेच सुरू केलं. पॅरिस आणि ब्रसेल्सही त्यात उतरले. पुढे महायुद्ध पेटलं. लंडनहून भूमध्य समुद्रातून चांदी पाठवणं धोक्याचं झालं, तेव्हा काम आलं मुंबईकडे. १९४० आणि ४१ या दोन वर्षांत फोर्टातल्या टाकसाळीनं जवळपास १ कोटी ८९ लाख थेलर पाडले. टाउन हॉलच्या समोरची ती खांबांची इमारत, १८२९ साली बांधून झालेली. मी तिच्यासमोरून कितीदा गेले असेन. परक्या नाण्यांची तिला सवय होतीच. चीनच्या व्यापारासाठी ब्रिटानियाचं चित्र असलेले डॉलर ती १८९५ पासून पाडत होती, १९१८ मध्ये तर सोन्याचे सॉव्हरिनही पाडले. पण त्या डॉलरवर ब्रिटानियाच्या त्रिशूळात मुंबईचा 'बी' कोरलेला असे. थेलरवर मुंबईची अशी काही खूण नाही. असून चालणारच नव्हतं. सगळी मदार राणी जुनीच आहे असं वाटण्यावर.

ही नाणी गेली कुठे? बरीचशी पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत. फौजेला तिथे खेचरं घ्यायची, धान्य घ्यायचं, वाटाडे ठेवायचे, स्थानिक बंडखोरांना पगार द्यायचे, सगळं थेलरमध्ये. अबिसिनियाचा बादशहा हैले सेलासी याला गादीवर परत बसवायला निघालेल्या विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या तुकडीबरोबर उंटांवर थेलर लादलेले होते. हजार नाणी म्हणजे अठ्ठावीस किलो, म्हणजे ते उंट कसे मरत गेले असतील त्याची कल्पना करा. मुंबईच्या गोदीतून मराठा पलटणीतला एक शेतकऱ्याचा मुलगा जातो आणि त्याच सुमाराला, त्याच गोदीतून, पेट्यांत भरलेल्या मारिया थेरेसा जातात. दोघंही तिकडेच. त्यातली एक त्याच्या खिशात बसून परत येते. हे मला सरदाराच्या गोष्टीपेक्षा शंभर पटीनं आवडलं. भावाला नाही आवडलं. "म्हणजे आपलं नाणं डुप्लिकेट," एवढंच तो म्हणाला. डुप्लिकेट नव्हे रे, तिसऱ्या गावची खरी चांदी आहे ती. पण ते असो.

आता ज्यामुळे माझं मत खरोखर बदललं त्याकडे येते. संग्राहकांनी बोलता बोलता आणखी एक दाखवलं होतं. कडेवरच्या अक्षरांत एका ठिकाणी कानस लागलेली आहे, दाण्याएवढी खाच. "सोनारानं कस बघितलाय," ते म्हणाले, "यानं भाव पडतो." मी आईला विचारलं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "ते होय? बाहत्तरच्या दुष्काळात ठेवलं होतं की."

मग सगळं बाहेर आलं. बाहत्तर साली विहिरी आटल्या, जनावरं विकायची पाळी आली, घरातले सगळे खडी फोडायला कामावर जात होते. आजीनं तालुक्याच्या सोनाराकडे पाटल्या आणि हे नाणं गहाण ठेवलं. सोनारानं कानस मारली, वजन केलं आणि म्हणाला, रुपयापेक्षा हिणकस आहे, निव्वळ चांदी दोन तोळे धरतो. पुढे दोन सुगी झाल्यावर सोडवून आणलं. पाटल्या मात्र गेल्या. आणि हे काही पहिल्यांदा नव्हतं. आत्याच्या लग्नाच्या वेळीही ते सोनाराकडे जाऊन आलं होतं. "तिच्याकडं अडीनडीचं तेवढंच होतं," आई म्हणाली.

मी हिशोब केला. थेलर म्हणजे २८.०७ ग्रॅम, त्यात चांदी हजारी ८३३. निव्वळ चांदी २३.३९ ग्रॅम. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. बरोबर दोन तोळे. रुपयाची चांदी हजारी ९१७ च्या घरातली, म्हणजे हिणकस हेही बरोबर. आमच्या घरात या नाण्याबद्दल जे जे सांगितलं गेलं त्यात साल खरं नव्हतं, राणी खरी नव्हती, सरदाराचं तर देव जाणे. अचूक होता तो फक्त भाव. तो आजीला नीट ठाऊक होता, आणि तो आम्हा नातवंडांना तिनं कधी सांगितला नाही. आम्हाला तिनं सरदार दिला आणि दोन तोळे स्वतःकडे ठेवले.

आणखी एक बोचरी गोष्ट आहे, तीही सांगून टाकते. आबांना त्या लढाईबद्दल पदक मिळालं होतं, आफ्रिका स्टार. सहा टोकांचा तारा, पितळेसारखा दिसणारा. तो कुठे आहे? नाही. आईच्या आठवणीप्रमाणे मोडीच्या भांड्यांबरोबर गेला. नाण्यावर आबांचं काहीच नाही, पदक तर थेट त्यांच्या लढाईचं. भावनेच्या हिशोबानं ठेवायला हवं होतं ते पदक. पण राहिलं नाणं, कारण नाण्यात चांदी होती. आम्ही जिला इतकी वर्षं आठवण म्हणत आलो ती किंमत होती म्हणून वाचली, आणि वाचली म्हणून आठवण झाली. एवढं समजल्यावर भाव विचारणाऱ्याला पायरी खाली उतरवायचा मला काय अधिकार राहिला? आजीचं नाव काढून आम्ही ज्या प्रश्नाला घरात बंदी केली तो प्रश्न आजीनंच किमान दोनदा सोनाराच्या ओट्यावर बसून विचारला होता.

तेव्हा मी पुन्हा गिरगावात गेले आणि सरळ विचारलं, किती येतील? ते हसले. घासून गुळगुळीत झालेलं, कानस लागलेलं, पुन्हा कोट्यवधींनी पाडलेलं. चांदीच्या दरावर थोडंफार, बास. जुनं म्हणजे महाग असं नसतं आणि जुनं दिसणारं तर नसतंच. राणीच्या हयातीतला, ग्युन्झबुर्गचाच १७८० चा थेलर असता तर गोष्ट वेगळी होती. मला वाटलं होतं की आकडा ऐकून काहीतरी कमी झाल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. उलट इतक्या माफक रकमेसाठी आजीला दोनदा ते हातावेगळं करावं लागलं, हे पहिल्यांदा नीट कळलं. आकडा नसता कळला तर तिची नड केवढी होती हेही कळलं नसतं.

हे मी सगळ्या संग्राहकांच्या वतीनं म्हणत नाही. माझ्यासमोरच प्रदर्शनात एक जण आजोबांच्या डबीतली नाणी घेऊन आलेल्या मुलाला घाईघाईनं गुंडाळत होता, तेही पाहिलंय. आणि घासलेल्या नाण्याला ते ज्या तुच्छतेनं बघतात ती मला अजून मान्य नाही. आमच्या राणीचं नाक ज्या हातांनी झिजवलं त्यात माझे हात आहेत. पण नाण्याला गोष्टीच्या आधी नाणं म्हणून बघायचं ही त्यांची शिस्त मी घेतली. गोष्ट ऐकणाऱ्याला नाणं बघायची गरजच पडत नाही, हे मी स्वतःवरून सांगते.

भाच्याच्या बेताचं पुढे काय झालं ते थोडक्यात. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आमच्या नाण्यावर तर ठळक १७८० आहे. विमानतळावर ते हातात घेणारा अधिकारी दुसरं काय समजणार? न्यायचंच तर पुरातत्त्व खात्याकडून ते पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायला हवं. म्हणजे जे घराणं पिढ्यान् पिढ्या नाणं किती जुनं आहे हे सांगत आलं त्यानं आता सरकारदरबारी जाऊन ते जुनं नाही हे सिद्ध करायचं! भावानं साफ नकार दिला. भाचा म्हणाला, "मुंबईचं असेल तर मग इथे आणून काय करू, आत्या? राहू दे तिथेच." तो ग्युन्झबुर्गला जाऊन आला, फोटो पाठवले; गाव छान आहे.

नाणं आता घासणं बंद. ताम्हनात ठेवतो, पण चिंच नाही. आणि त्याच्याबरोबर मी एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यात टाकसाळ, साल, वजन, दोन तोळे, सोनार, कानस, हरवलेला आफ्रिका स्टार, सगळं लिहिलंय. भावानं ती वाचायला घेतली तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "सरदार खोडलास काय?" नाही खोडला. मुंबईहून गेलेलं नाणं एखाद्या सरदारापर्यंत पोचणं आणि त्यानं ते आबांना देणं, यात अशक्य काहीच नाही. 'आजी सांगायची' असं वर लिहून सरदार तसाच ठेवलाय. भावानं खिशातलं पेन काढलं आणि त्याखाली स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली : सरदाराकडे पांढरा घोडा होता. हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकत होते.